काच बघायला

—नाही, त्या खुर्चीवर नको. तिचा एक पाय हलतो, आणि हलत्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या कोपराचा भरवसा नाही असं आमच्या नानांचं, मामंजींचं, म्हणणं – तू इथे बस, माझ्या शेजारी. दार लोटून घेते. बाहेरचं बाहेर चालू दे. नानांनी तुझ्या बाबांना गप्पांत एकदा पॅरिसला नेलं की लवकर परत आणत नाहीत, माझ्या बाबांना तर दिवेलागणीपर्यंत तिथंच ठेवलं होतं. तोवर अपन बोलू. घाबरलीस का? घाबरू नकोस, पद्मजा. मी थोरली सून आहे खरी, पण तुला पुरणपोळी येते का, पेटी वाजवता येते का, असलं काही विचारणार नाही. आमच्याकडे ते विचारतच नाहीत. महूहून निघताना तुला घरी काय सांगितलं? – की मुलगी बघायला वगैरे कुणी येणार नाहीये, ते लोक एकदम सुधारलेले आहेत, हुंडासुद्धा नको म्हणतात, आपणच इंदूरला जाऊ, त्यांच्याकडची काच बघायला. हो ना? मला माहीत आहे. मलाही हेच सांगितलं होतं. देवासहून मोटारीनं येताना मी वाटभर विचार करत होते की काच बघायला म्हणजे काय – मला वाटलं, ते काचमंदिर आहे ना इंदूरचं, तेच दाखवणार असतील, आणि मग कुठे पोहे-जलेबी. आणि मोटारीतून उतरून पोचलो कुठे तर तुकोगंजातल्या ह्या बंगल्यात, ह्या खोलीत. माझ्या माहेरचं नाव सरला. इथे आल्यावर यशोधरा झाले. नाव नानांनीच ठेवलं, छान आहे, तक्रार नाही. बस, अजून कुणी हाक मारली तर पटकन ओ देत नाही मी, इतकंच.

बघ ना, मान वर करून बघ. हात नको लावू अजून. ही सगळी कपाटं सागवानाची, आत मखमल, आणि मखमलीवर ह्या बसलेल्या. फुलदाण्या म्हणायचं नाही हं नानांसमोर. फूल कुणी ठेवतच नाही त्यांच्यात, पाणीसुद्धा नाही – नाना म्हणतात, फूल आधीच आहे. ही जांभळी बघ, ही गालेची. गाले म्हणजे ज्यानं ह्या काढल्या त्या माणसाचं नाव, फ्रान्समध्ये नान्सी म्हणून गाव आहे तिथला. हे वेलीचे घोस दिसतात ना, ते रंगवलेले नाहीत. पांढऱ्या काचेवर पिवळी काच चढवायची, तिच्यावर जांभळी, आणि मग वरची काच तेजाबाला खायला घालायची – जिथे पान हवंय तेवढं सोडायचं, बाकी सगळं खाऊन टाकायचं. मतलब, ही वेल कुणी काढलेली नाही, ही उरलेली आहे. सही बघ त्याची, तिथे पानाच्या खाली, जशी काही वेलीलाच फुटलीय. आणि ही दोम बंधूंची, तेही त्याच गावचे, हिवाळ्याची. काळी झाडं, नारिंगी आकाश आणि खाली सगळं पांढरं. मी नवी होते तेव्हा मला वाटलं कपाशीचं शेत आहे, बोंडं फुटलीयत आणि मागे संध्याकाळ झालीय. तसं नानांना म्हटलंसुद्धा. ते हसले नाहीत, म्हणाले, सूनबाई, तो बर्फ आहे. बरं, असेल बर्फ. मला अजून कपाशीच दिसते. तुला काय दिसतं? …सांगू नकोस, राहू दे, आत्ता सांगशील आणि मग बाहेर तेच तोंडातून निघेल.

ह्या कशा जमल्या ते तुझ्या बाबांना ते आत्ता सांगताहेत, मी तुला थोडक्यात सांगते. दरबारच्या एका स्वारीबरोबर नाना विलायतेला गेले होते, तरुणपणी. सगळ्यांनी तिथून घड्याळं आणली, बंदुका आणल्या, एकानं म्हणे कुत्रा आणला. नानांनी ही जांभळी आणली, बोटभर भात्याण… गवत असतं ना पेटीत घालायचं, त्यात गुंडाळून, आणि बोटीवर रात्री पेटी उशाशी घेऊन झोपले. मग त्यांना सवयच लागली. दर वर्षी एक पेटी मुंबईहून यायची. आणि मग तुमचं महू – तुला आठवत असेल, सत्तेचाळीस साली छावणीतले गोरे निघाले तेव्हा बंगल्यांबाहेर हिरवळीवर सामान मांडलेलं असायचं, पियानो काय, टेनिसच्या रॅकेटी काय. तू फ्रॉकमध्ये असशील तेव्हा. नाना दर रविवारी जायचे आणि येताना मांडीवर रजईचं गाठोडं, त्याच्यात एक असायची, लहान मूल आणावं तशी. मग संस्थान गेलं, मध्यभारत झालं, जहागिऱ्या गेल्या. त्या वर्षी नाना किती घरी समाचाराला गेले असतील, विचारू नकोस. लोकांना वाटायचं जुना माणूस, भेटायला आला, मन मोठं. सासूबाई म्हणायच्या, ह्यांचं लक्ष माणसाकडे कुठे असतं, माणसाच्या मागच्या कपाटाकडे असतं. एक अख्खं राज्य बुडालं आणि त्याचा गाळ आमच्या कपाटात येऊन बसला – हे मी म्हणते, सासूबाई नाही, आणि हे तू बाहेर बोलायचं नाहीस. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. माझ्या तोंडून असं कधीकधी निघतं.

चहा? इथे नाही मिळायचा. ह्या खोलीत चहा, दिवा, अत्तर, मांजर आणि सखुबाई, ह्यांना मनाई. सखुबाई आमची मोलकरीण, नाना आणि ती एकाच वर्षी ह्या घरात आले असतील, पण तिला उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही – तिचा केरसुणीचा हात आहे म्हणतात. हात सुनेचा लागतो. मतलब, घरातलाच, शिकलेला, शांत. किल्ली बघ, ही माझ्या कमरेला असते. सकाळी पूर्वेच्या खिडक्या बंद, दुपारी पश्चिमेच्या बंद, पावसाळ्यात मखमल वाळवायची, आणि महिन्यातून दोनदा सगळ्या धुवायच्या. कशानं सांगू? रिठ्याच्या कोमट पाण्यानं, परातीत जुनं धोतर अंथरून. आणि हातात बांगडी चालत नाही. काचेला काच लागते ना. आता तूच सांग, सवाष्ण बाई, महिन्यातून दोनदा हातातल्या बांगड्या काढून बसायचं – माझी आई पहिल्यांदा आली आणि तिनं माझे हात बघितले तर रडायलाच लागली. मग सासूबाईंनी तिला सांगितलं की अहो, ह्याला तोड आहे आमच्याकडे, धुवायच्या दिवशी मनगटाला हळदीचा दोरा बांधायचा, म्हणजे हात ओका राहत नाही. त्यांनी स्वतःच शोधून काढली होती ती तोड. तर तो दोरा. बांधून बांधून शेवटी मी काचेच्या बांगड्या भरायच्याच सोडून दिल्या, कोण झंझट करेल, हा बघ, आता कायमचाच आहे. पिवळा झालंय मनगट. तुझ्या छान आहेत गं. हिरव्या. महूला भरल्यास की इथे सराफ्याजवळ? बाहेर जाशील तेव्हा जरा कोपराकडे सारून घे, म्हणजे वाजणार नाहीत. ते वाजलेलं नानांना सहन होत नाही.

नाही, ते स्वतः नाही धुवत. ते हातच लावत नाहीत. तुला नाही का दिसलं मघाशी, कप घेताना बशी धरली होती शामनं, ज्याच्यासाठी तुला आणलंय त्यानंच? नानांचे हात कापतात. संस्थान विलीन झालं त्याच वर्षापासून, डॉक्टर म्हणतात योगायोग आहे. तेव्हापासून त्यांनी एकाही… कुठल्याच काचेला बोट लावलेलं नाही. ह्या सगळ्या त्यांनी मांडीवरून आणलेल्या, आणि आता आमच्या हातून बघायच्या. म्हणून रोज संध्याकाळी – ऊन त्या खिडकीत आलं की – ते त्या आरामखुर्चीत बसतात आणि मी एक काढते. रोज एकच. काढायची, उजेडासमोर धरायची. ते सांगतात, थोडी वर. जरा डावीकडे. थोडी वर. मग बघत बसतात. लांबचं आताशा नीट दिसत नाही त्यांना, तरी बघत बसतात. ‘बस’ म्हणाले की ठेवायची. कधीकधी ‘बस’ म्हणायला विसरतात. माझे खांदे भरून येतात, पण मी हलत नाही, कारण त्या वेळी – काय सांगू तुला – ती जांभळी आहे ना, ती उजेडात जांभळी राहत नाही. आतून काहीतरी लाल पेटत येतं, आणि त्या वेलीची सावली नानांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडते, आणि ते म्हातारं माणूस एकदम… खैर. मला आवडतात गं ह्या. हीच तर मोठी पंचाईत आहे. नावडत्या असत्या तर मी केव्हाच किल्ली टेबलावर ठेवून निघाले असते. 

कुठे निघाले असते म्हणजे? ग्वाल्हेरला. आमचे हे – शामचे दादा – सचिवालयात आहेत ना. मध्यभारताच्या ह्या दोन दोन राजधान्या, उन्हाळ्यात इंदूर आणि थंडीत ग्वाल्हेर, तुला हसू येतं, मलाही यायचं. दिवाळी झाली की सगळं ऑफिस गाडीत भरतात, फायलींच्या ट्रंका, टाईपरायटर, शिपाई, आणि साहेबांच्या बायका लोणच्याच्या बरण्या घेऊन. स्टेशनवर जत्रा असते. सगळ्यांच्या बायका जातात. मी फलाटावर असते, पण सोडायला. गाडी हलली की ह्यांचा हात खिडकीतून दिसत राहतो आणि मी मनात म्हणत असते की पश्चिमेच्या खिडक्या सखुबाईनं लावल्या असतील का – अगं, आत येत नाही ना ती, तर बाहेरून गजातून काठी घालून लावते. बघ, नवरा चाललाय आणि मी खिडक्यांचा विचार करतेय. घरात मूल का नाही म्हणून आत्याबाई विचारतात. मी म्हणते, सचिवालयाला विचारा. हसलीस. हस, मोकळेपणानं हस, तुझ्या आईपर्यंत नाही जात आवाज.

तिथे ग्वाल्हेरला एक मुलींची शाळा आहे. ह्यांनी तिथल्या बाईंना माझं सांगून ठेवलंय. त्यांना इतिहासाला कुणी मिळत नाही, आणि मी – कॉलेजात असताना अपन सगळ्या मैत्रिणी म्हणायचो की आता देश आपला झाला, आता शिकवायचं, खेड्याखेड्यात शिकवायचं, नवऱ्यांना सांगायचं चला आमच्या मागे. मी सगळ्यांत जोरात म्हणायची. बाई म्हणाल्यात, ह्या थंडीत या, वर्ग तयार आहे. ह्या थंडीत. माझी पेटी भरून ठेवलीय मी पलंगाखाली. नानांना विचारलंही. ते वाईट नाहीत गं, हे लक्षात ठेव, त्यांनी कधी आवाज चढवला नाही माझ्यावर. नाही म्हणालेच नाहीत. म्हणाले, जरूर जा सूनबाई, तुमच्यासारख्या मुलींनी शिकवायलाच पाहिजे – फक्त शामची बायको येऊ द्या, तिचा हात बसू द्या. मग जा.

म्हणून… नाही, म्हणून म्हणजे तसं काही नाही. मी तुला काच दाखवत होते.

ऐक, आता कामाचं ऐक. नाना मला हाक मारतील आणि म्हणतील, सूनबाई, पाहुण्यांना ती वेलीची दाखवा जरा. तेव्हा मी ती नाही न्यायची, तू न्यायचीस. ह्या दारातून त्या टेबलापर्यंत. एवढंच. सगळे गप्पा मारत असल्यासारखं करतील आणि कुणीच गप्पा मारत नसेल. तू चालतेस कशी, ह्याच्याकडे कुणाचं लक्ष नाही, लंगडलीस तरी चालेल – धरतेस कशी. एक तळहात बुडाखाली, सपाट, असा. दुसरा पोटाला, बोटं जोडून. न्हाऊ घातलेलं मूल धरतो तसं. आणि मानेला धरायचं नाही. काही झालं तरी मानेला नाही. सगळ्यांचा हात आपोआप मानेकडेच जातो, कारण तिथे ती बारीक असते, मुठीत मावते. आणि नाना म्हणतात की जो बारीक जागा बघून धरतो त्याच्या हाती मी काच देणार नाही. जेवढ्या फुटल्या तेवढ्या मानेतूनच फुटल्या म्हणतात. तुझ्या आधी दोघी आल्या होत्या. एक तर गोरीपान, गाणारी, उज्जैनची – शामला आवडली होती, खरंच, शीळ घालत होता सकाळपासून. तिनं मानेला धरली. नानांनी तिच्या वडलांना आग्रह करकरून जिलबी वाढली आणि त्यांची मोटार फाटकाबाहेर पडल्यावर म्हणाले, नाही. बस. शामची शीळ बंद. तो बोलत नाही नानांपुढे. पोलोग्राउंडला वर्कशॉपमध्ये पन्नास माणसांवर ओरडतो म्हणे, आणि घरी येऊन दारात चपला अशा काढतो की त्यांचा आवाजही नको व्हायला. तसा चांगला आहे. मी खोटं नाही सांगत, चांगला मुलगा आहे.

दुसरीची बांगडी वाजली. मानेला बांगडी, टिंग – एवढासा आवाज. तिच्या आईवडलांना वाटलं पत्रिकेत काही निघालं असेल. कुणी काही सांगत नाही ना. मुलीकडच्यांना कधी कळतच नाही की कशानं मोडलं. ‘योग नव्हता’ म्हणायचं, दोन्हीकडून. कुणाची बेअब्रू नाही, सभ्य काम.

का विचारतेस? …नाही, मानेला धरली तर फुटेलच असं नाही. धरता येते की, पक्की धरली तर काही होत नाही, ती काही इतकी नाजूक नाही. पण तुला काय करायचंय ते. तू बूड धर.

आणि घाबरू नको, ही सगळ्यांत चांगली म्हणून नाही देत, हिला आधीच लागलेलं आहे म्हणून देतात. हे बघ, मागे. ओठाचा टवका उडालाय. ही बाजू नेहमी भिंतीकडे असते. सांगू कसा? सासूबाईंनी केलं ते. लग्न होऊन आल्या, वय ते किती, आणि पहिली मंगळागौर. तांब्याचा कलश नेहमीचा होताच, पण कपाटात एवढी सुंदर, वेलीची, जांभळी, उभी – पोरीला वाटलं, गौरीला ह्याहून चांगला कलश कुठला. काढली, पाणी भरलं, आंब्याची पानं लावली, आणि वर नारळ बसवला. शेंडीचा नारळ, चांगला दाबून. टचकन टवका गेला. नाना बाहेरून आले तर सगळ्या बायका फुगड्या घालताहेत आणि मध्ये ती. पूजा होऊ दिली. नारळ स्वतः उतरवला. आणि मग सासूबाईंशी पुढची मंगळागौर येईपर्यंत बोलले नाहीत. आणि त्यानंतर म्हणाले की तुम्हांला एवढी आवड आहे तर किल्ली तुमच्याकडेच राहू द्या. झालं. सगळं आयुष्य त्या किल्लीत गेलं त्यांचं. भावाच्या लग्नाला नाही गेल्या, का तर ज्येष्ठातच पाऊस लागला होता, मखमलीला बुरशी धरते. वडील गेले तेव्हा सकाळच्या गाडीनं गेल्या आणि रात्रीच्या गाडीनं आल्या.

मला त्यांनीच शिकवलं. ह्याच खोलीत, इथेच, मी तू बसलीयेस तिथे होते. बुडाखाली तळहात, सपाट, बोटं जोड. पुन्हा कर. पुन्हा कर. मी कॉलेजात पहिली येणारी मुलगी, मला वाटलं ही काय मोठी परीक्षा, हिच्यात तर मी सगळ्यांच्या पुढे. अशी नेली मी ती बाहेर की नाना उभे राहिले खुर्चीतून. आणि मी वळून बघितलं तर सासूबाई ह्या दारात उभ्या, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, किती आवडले मी ह्यांना. घरी गेल्यावर आईला सांगितलं, सासू देवमाणूस आहे. आणि लग्न झालं, दोन महिनेही नसतील झाले, सासूबाईंनी कमरेची किल्ली काढली, माझ्या कमरेला लावली, आणि संध्याकाळच्या गाडीनं भावाकडे गेल्या. धुळ्याला. परत आल्याच नाहीत. मतलब, तिथेच गेल्या त्या, पुढच्या वर्षी, ताप आला आणि. पण भाऊ सांगत होता की वर्षभर अंगणात झोपायच्या, पावसातसुद्धा ओसरीवर, खोलीत म्हणून जायच्या नाहीत. आणि हातभर काचेच्या बांगड्या भरल्या होत्या म्हणे. कोपरापर्यंत.

पाणी त्या सुटकेचं होतं. डोळ्यांतलं. मला कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा ग्वाल्हेरची गाडी दोनदा जाऊन आली होती.

मी हे का सांगतेय तुला. तुला बूड धरायला शिकवत होते मी.

हे बघ पद्मजा, तू अशी बघू नको माझ्याकडे. मी काही – तुला त्रास नाही होणार. मी काही कायमची नाही जात, उन्हाळ्यात ऑफिस इकडे आलं की मीही येईन, अपन दोघी मिळून धुऊ. आणि तुला आवडतील ह्या, मला आवडल्या तशा. तुला पुढे शिकायचंय ना? डॉक्टरीला. तुझ्या आईनं मघाशी घाईघाईनं सांगून टाकलं की तसलं काही तिच्या डोक्यात नाही, आणि तू जमिनीकडे बघितलंस, मी बघत होते. कॉलेज इथेच आहे, इंदुरात. नाना नाही म्हणणार नाहीत. मलाही नाही म्हणाले नव्हते. ते कधीच नाही म्हणत… ते म्हणतात, जरूर जा, फक्त–

फक्त.

तुला नाही म्हणता येत नाही, हे मला कळतं. बाबा इतके खूश आहेत तुझे. हुंडा नाही, मुलगा कमावता, घर नावाजलेलं, आणि तू आतून नाही म्हणालीस तर कारण काय सांगशील – मुलगा वाईट आहे? नाही. सासरा? नाही. फुलदाण्या आहेत म्हणून? लोक हसतील. मीसुद्धा नाही म्हणू शकत नाही, ह्यांच्यापुढे, नानांपुढे, कुणापुढेच. काय म्हणून म्हणू, मला कुणी मारलं नाही की उपाशी ठेवलं नाही. मला रोज संध्याकाळी सगळ्या हिंदुस्थानात कुणाला दिसत नसेल असा उजेड दाखवतात. आणि माझी पेटी पलंगाखाली आहे. ह्या थंडीत जमलं नाही तर त्या बाई दुसरी बघतील, त्यांना तरी किती थांबता येणार. म्हणून मी म्हणतेय, तू नीट धर. माझ्यासाठी धर. बुडाखाली एक हात. एवढंच मागतेय मी तुझ्याकडे. दहा पावलंसुद्धा नाहीत.

…ऐकलंस? नानांची हाक. आले, नाना, आणतेय.

ऊठ. पदर खोचून घे. ही घे, सांभाळून, हां – टवका तुझ्याकडे, वेल त्यांच्याकडे. बांगड्या वर सार. पद्मजा, बांगड्या वर. अगं, खाली काय ओढतेस, वर – आणि तो हात बुडाखाली… मान नको. मान सोड, मी आत्ताच तुला इतक्या वेळा सांगितलं की मानेला–

असं.

असं आहे तर.

बरं.

नाही, मी कुठे काय म्हणतेय. रडत नाहीये मी, ऊन आलंय डोळ्यांवर, पश्चिमेची खिडकी लावायची राहिली. थांब, दार मी उघडते. पक्की धर म्हणजे झालं, घाम आलाय तुझ्या हाताला. आणि अशी छातीशी नको नेऊ, पदरात मूठ झाकली जातेय. त्यांना लांबचं दिसत नाही नीट.

थोडी वर.

जरा डावीकडे, उजेडात. थोडी वर.

बस. जा.